सूक्ष्म टांक्यांची परीक्षा

तुटलेलें बोट पुन्हां जोडावयाचें म्हणजे सुमारें एक मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्यानें शिवावयाच्या. अमेरिकेंतील बर्लिंग्टन येथें जेकबसन व स्वारेझ यांनीं १९६० सालीं अशा बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखालीं जोडून दाखविल्या आणि ही विद्या वाढीस लागली. पण शिकणाऱ्याचा हात तयार झाला, हें ठरवावयाचें कसें? उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचा जन्म गेला त्या मजसारख्या जुन्या मास्तरास या प्रश्नाचें कुतूहल वाटल्यावांचून राहत नाहीं. आमच्या गुणदानांत चूक झाली तर मुलाचें एक वर्ष जाई. येथें रोग्याचें बोट जातें.

पूर्वीं उमेदवारानें किती शस्त्रक्रिया केल्या याची नोंद पाहावी आणि गुरूनें 'बरा आहे' म्हणावें, एवढ्यावर भागत असे. हजेरीपट पाहून गणिताचे गुण देण्यासारखेंच हें! टोरांटो येथील शिक्षकांनीं १९९७ सालीं निराळी पद्धति प्रसिद्ध केली. उमेदवारास नेमलेलें काम ठराविक वेळांत करावयास लावून, तो शरीराचे नाजूक भाग किती हळुवारपणें हाताळतो, हाताच्या निरर्थक हालचाली किती करतो, हत्यार कसें धरतो, अशा प्रत्येक बाबीस एक ते पांच गुण द्यावयाचे. सूक्ष्म शस्त्रक्रियेंतही तिचा पुष्कळ अवलंब झाला.

मला मात्र लंडनकडील शिक्षकांची २०१६ सालची रीत अधिक पटली. सराव बहुधा कोंबडीच्या मांडींतील वाहिनीवर किंवा उंदरावर करतात. जोड पुरा झाला, बाहेरून शिवण सुबक दिसली, एवढ्यानें फसूं नये. ती वाहिनी उभी चिरून पुस्तकासारखी उघडतात, आंतील बाजूचें छायाचित्र घेतात आणि दहा प्रकारच्या दोषांपैकीं कोणते किती झाले तें मोजतात. पुढच्या भिंतीचा टांका मागच्या भिंतींत अडकला आहे काय? टांक्यांतील अंतर विषम आहे काय? भिंत फाटली आहे काय? छायाचित्रावर नांव नसलें म्हणजे परीक्षकाची मर्जीही आड येत नाहीं. आमचे बैठक-क्रमांक याचसाठीं होते.

घड्याळ जपून वापरावें. तेंच काम दहा-वीस वेळां केल्यावर वेळ आपोआप कमी होतो, परंतु मागची भिंत धरण्याची खोड तशीच राहूं शकते. "तुम्हांस साठ गुण" यापेक्षां "तुमचा तिसरा टांका मागें अडकला" हें उमेदवारास अधिक उपयोगी.

एवढें करूनही कोंबडीवर साधलेलें माणसावर तसेंच साधेल असें नाहीं. म्हणून रोग्याच्या वाहिनीवरचे पहिले टांके उमेदवार घालतो तेव्हां गुरु समोर बसून सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नेत्रिकेंतून प्रत्येक टांका पाहत असतो.