गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि तिच्या आधीचे सहा आठवडे

(संस्थेच्या वार्षिक सभेत भौतिकोपचार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



या सभेत दरवर्षी शस्त्रक्रिया विभागाचे निवेदन होते, नव्या यंत्रसामग्रीची माहिती दिली जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा मंडळाने तळमजल्यावरील भौतिकोपचार विभागाला बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमच्या विभागात दाखवण्यासारखे फारसे काही नाही. चालण्याच्या सरावासाठी दोन समांतर दांड्या, चार पायऱ्यांचा लाकडी जिना, वाळूच्या पिशव्या, एक स्थिर सायकल आणि भिंतीवरचा मोठा आरसा, एवढाच आमचा सरंजाम. परंतु गुडघेदुखीने या रुग्णालयात येणाऱ्या बहुतेकांचा मार्ग या खोलीतून जायला हवा, आणि लवकर जायला हवा, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

उतारवयातील गुडघ्याच्या या विकाराला वैद्यकशास्त्रात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘झीज’ हा शब्द रूढ झाला आहे. रुग्ण सांगतात, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’, किंवा ‘गादी झिजलीय, आता वाटी बदलावी लागणार’. हे शब्द सोपे असले तरी त्यांतून मनात एक चित्र पक्के होते. गुडघा म्हणजे गाडीचे चाक, जितके फिरवावे तितके झिजणार, म्हणून उरलेले जपून वापरावे. मग माणूस चालणे कमी करतो, जिना टाळतो, देवळात जाणे सोडतो आणि दिवसाचा बराच वेळ खाटेवर काढू लागतो. (वाटीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, सांधेरोपणात मुख्यतः मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके तासून त्यांवर धातूचे आवरण चढवतात आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर बसवतात. किडलेल्या दातावर टोपी बसवावी, तसा तो प्रकार आहे. ‘वाटी बदलली’ हा वाक्प्रचार मात्र आता कोणी बदलू शकेल असे वाटत नाही.)

जिवंत सांधा चाकासारखा वागत नाही. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि पाऊल टाकताना पडणारा व उचलताना हटणारा भार तो द्रव तिच्यात खेळता ठेवतो. दुसरी गोष्ट स्नायूंची. मांडीच्या पुढील बाजूस क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा मोठा स्नायू आहे. खुर्चीवरून उठताना, बसची पायरी चढताना शरीर तोलण्याचे मुख्य काम त्याचे. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, आणि त्याचा धक्का हा स्नायू झेलतो. दुखऱ्या गुडघ्याभोवती नेमका हाच स्नायू लवकर रोडावतो. सांध्यात सूज असली तर मज्जारज्जूकडून त्याला मिळणारी चेतनाही मंदावते. म्हणजे दुखते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू दुर्बल, आणि स्नायू दुर्बल म्हणून अधिक दुखणे, असे हे चक्र फिरत राहते.

या चक्राला घरातील मायाही हातभार लावते, हे आप्तेष्टांसमोर स्पष्ट बोललेले बरे. ‘आई, तुम्ही बसा, पाणी मी देते’, ‘बाबा, खाली उतरू नका, दूध मी आणतो’, असे म्हणणारी सून किंवा मुलगा मनाने चांगलाच असतो. आमच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका आजींना त्यांच्या सुनेने वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नव्हते. पहिल्या दिवशी आजींना खुर्चीच्या दांड्यांना दोन्ही हातांनी रेटा दिल्याशिवाय उभे राहता येईना. आम्ही सुनेला एकच काम दिले. आजींना दिवसातून तीन वेळा उंचशा खुर्चीवरून, हात न लावता, दहादा उठवायचे आणि आपण फक्त शेजारी उभे राहायचे. सुरुवातीला उशी घालून खुर्चीची उंची वाढवली, पुढे उशी काढली. पाचव्या आठवड्यात आजी ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडू लागल्या. त्यांचे दुखणे संपले नाही, ते आजही थंडीत डोके वर काढते. त्यांच्या क्ष-किरण चित्रातही काही फरक पडला नसणार, कारण चित्रातील बदल आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही.

व्यायाम कोणते, असे सर्वजण विचारतात. ते फार साधे आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि पाच आकडे मोजेपर्यंत धरायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीवरून उठबस करायची, कठड्याला धरून एका पायरीवर चढ-उतार करायचा. त्याबरोबर सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे चालणे. अवघड असते ते सातत्य, आणि वेदनेची भीती. आम्ही रुग्णांना एक खूण देतो. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालेल, पण ते सोसण्याजोगे असावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर यावे. तसे आले नाही तर व्यायाम कमी करावा, बंद करू नये. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते थोडे जरी उतरवले तरी लाभ होतो. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले.

व्यायामाने किती साधते याविषयी अतिशयोक्ती करण्याची आमची इच्छा नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये या विषयावरील चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सरासरी लाभ माफकच निघाला. तरीही ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांधे झिजलेल्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवावा असे म्हटले आहे, कारण त्यात धोका अत्यल्प असतो. डेन्मार्कमधील १०० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हे सर्वजण गुडघेरोपणास योग्य ठरलेले होते. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायाम, आहार व शिक्षण यांचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम देण्यात आला, तर उरलेल्या ५० जणांना केवळ तो कार्यक्रम. वर्षअखेर या ५० पैकी १३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली होती. शस्त्रक्रिया झालेल्या गटाला वेदनेतून अधिक आराम मिळाला, हेही तितकेच खरे, आणि त्याच गटात गंभीर गुंतागुंतही अधिक झाली. यातून आम्ही एवढाच अर्थ घेतो की शस्त्रक्रिया प्रभावी आहे, परंतु प्रत्येकाला ती आजच लागते असे नाही.

ज्यांना लागते, त्यांच्याविषयी आता बोलतो. रात्रीची झोप मोडणारी वेदना, वाकडा होत चाललेला पाय, घरातल्या घरातही न चालवणे, आणि व्यायाम, वजन, औषधे यांचा प्रामाणिक प्रयत्न करूनही आराम नाही, अशा रुग्णाला शस्त्रक्रियेचा फार मोठा दिलासा मिळतो. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात क्वाड्रिसेप्सची शक्ती निम्म्याहून अधिक घटते. ज्याच्याजवळ मुळातच थोडी शिल्लक आहे, त्याने एवढी घट कशातून सोसावी? म्हणून तारीख ठरताच सहा आठवडे आधी रुग्णाने आमच्याकडे यावे, असा आमचा आग्रह आहे. या पूर्वतयारीचा लाभ मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत दिसतो, पण रुग्णाला सर्वांत जड जातात तेच आठवडे.

या काळात स्नायू बळकट करण्याबरोबर इतरही बरेच उरकायचे असते. मधुमेह आटोक्यात आणणे, रक्तक्षय असल्यास तो भरून काढणे, किडलेल्या दातांचा उपचार, तंबाखू आणि विडी बंद. वॉकर घेऊन चालायला शस्त्रक्रियेआधी शिकावे, नंतर वेदनेत शिकणे कठीण. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे आमच्या लाकडी जिन्यावर इतके घोटून घेतो की पुढे विचार करावा लागू नये. घरात सुटी सतरंजी किंवा पायपुसणे असेल तर काढावे. बैठ्या संडासाऐवजी कमोडची सोय करावी. नव्या गुडघ्यावर उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालणे सहसा टाळावयास सांगतात, तेव्हा जेवणाची आणि पूजेची बैठकही बदलते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पाटावर जेवण झाले, तिथे हे वाटते तितके सोपे नसते.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे केले जाते. त्यानंतर एका गोष्टीवर आम्ही नातेवाइकांशी अक्षरशः भांडतो, ती म्हणजे गुडघ्याखालची उशी. उशी ठेवली की रुग्णाला बरे वाटते, आणि गुडघा किंचित वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. असा पाय पुरता सरळ होत नाही आणि माणूस लंगडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी. वाकवण्याचा सराव टाळला, तर काही रुग्णांना पुन्हा भूल देऊन सांधा वाकवण्याची वेळ येते.

आता देणगीदारांना एक विनंती. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी ती सरासरी दीड लाखाच्या वर होती. यामुळे एका देणगीत अधिक रुग्णांना सांधा देता येऊ लागला आणि आपण उदारपणे देतही आहात. परंतु सांधा बसवून गावी परतलेल्या रुग्णाला पुढील आठवड्यांत व्यायामासाठी पुन्हा पुन्हा यावे लागते. एसटीचे दोघांचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी परवडत नाही, म्हणून दुसऱ्याच खेपेला येणे थांबवणारे रुग्ण आम्ही पाहतो. मोलाचा सांधा त्या भाड्यापायी आखडून जातो. एसटीच्या तिकिटावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही प्रवासखर्चासाठी, उसनवारीने देता येतील अशा वॉकर व कमोड खुर्च्यांसाठी आणि घरी जाऊन व्यायाम घेणाऱ्या एका भौतिकोपचारतज्ज्ञाच्या वेतनासाठी स्वतंत्र निधी असावा, अशी आमची मंडळाकडे मागणी आहे. सांध्यासाठी देणगी देणाऱ्यांनी त्यातील काही वाटा या निधीकडे वळवण्यास संमती द्यावी.

आप्तेष्टांसाठी शेवटची सूचना. पूर्वतयारीच्या पहिल्या दिवशी रुग्णाबरोबर, पुढे घरी त्याच्याजवळ राहणारी व्यक्ती यावी, मग ती सून असो, मुलगा असो वा शेजारीण. नाव नोंदवताना घराला किती पायऱ्या आहेत, कठडा कोणत्या बाजूला आहे आणि संडास कोणत्या पद्धतीचा आहे, एवढे सांगावे. पहिला पाठ आम्ही त्यावरूनच ठरवतो.