दुकान कुणाचे? ‘घरच्या माणसा’चा प्रश्न

(वाराणसी येथील अभ्यासवर्गासाठी आलेल्या मराठी प्रतिनिधींसमोर अहिल्याबाई घाटावर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संध्याकाळी शेजारच्या दशाश्वमेध घाटावर आरतीला एवढी गर्दी होते की बोललेले कुणाला ऐकू येत नाही. म्हणून आपण सकाळीच इथे पायऱ्यांवर जमलो आहोत. मला विषय दिला आहे तो एका कुटुंबाच्या मालकीच्या, चार ठिकाणी शाखा असलेल्या मोठ्या दुकानांचा. गंगेच्या काठी बसून दुकानाच्या गोष्टी कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. पण ज्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत, तिथूनच सुरुवात केली तर विषय सोपा होईल.

हा घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी बांधला, हे सर्वांना माहीत आहे. पण पैसा कोणता खर्च केला, हे फार थोड्यांना माहीत असते. होळकरांच्या घरात दोन हिशेब वेगळे असत. राज्याचा महसूल म्हणजे दौलत, आणि घरातील स्त्रियांच्या नावाची जहागीर म्हणजे खासगी. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ साली पेशव्यांकडून मिळालेली ही खासगी पुढे अहिल्याबाईंकडे आली. देशभरचे घाट, देवळे, विहिरी, धर्मशाळा यांसाठी त्यांनी ह्या खासगीतून खर्च केला.

आपल्या भाषेत ‘खासगी’ म्हणजे दुसऱ्याचा ज्यात संबंध नाही ते. इथे मात्र खासगीच्या पैशातून सर्वांची पायरी झाली. पुढे १९६२ साली इंदुरात ह्या मालमत्तांसाठी खासगी ट्रस्ट झाला. मालमत्तेच्या विक्रीवरून वाद झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २१ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, हा सार्वजनिक न्यास आहे आणि त्याला सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू आहे. नाव खासगी, पण मनाला येईल तसे विकता येणार नाही. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. आता दुकानाकडे वळू.

मुंबईत इंग्रजी अमलात मोठी दुकाने होती ती गोऱ्यांची. हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ, काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही, आणि इव्हान्स फ्रेझर. सगळा माल एका छताखाली, किंमत ठरलेली, घासाघीस नाही. आपला साधा माणूस तिथे आत पाऊल टाकायला कचरत असे. त्या काळात, १८९७ साली, फोर्ट भागात अकबरअलीज या दुकानाची सुरुवात झाली. खोराकीवाला कुटुंबाचे हे दुकान १९५६ साली फखरुद्दीन खोराकीवाला यांनी पूर्ण अर्थाने डिपार्टमेंट स्टोअर केले. औषधे, अत्तरे, खेळणी, काचसामान, कपडे, असा एकेक विभाग आणि प्रत्येक विभागाचा आपला काउंटर. पुढे मुंबईत शाखा निघाल्या. ज्या दुकानात आपल्या आईवडिलांना बिचकल्यासारखे वाटत नसे, असे हे देशी दुकान. मध्यमवर्गीय मुंबईकराची शाळेच्या सुरुवातीची आणि ईद-दिवाळीची खरेदी तिथे होई. ह्याच कुटुंबाने औषधांचा वोकहार्ट कारखाना उभा केला आणि मॉन्जिनीज केकची दुकाने घरोघर पोचविली. एका काउंटरपासून एक घराणे किती दूर जाऊ शकते, ह्याचे हे उदाहरण आहे. मालकाच्या कर्तबगारीला कमी लेखण्याचे आपल्याला कारण नाही.

पण इतिहास मालकाच्या तसबिरीपाशी थांबतो, आणि आपली तक्रार तिथून सुरू होते. जुन्या पद्धतीच्या दुकानात एक वस्तू विकायला किती हात लागत ते आठवा. काउंटरवरचा विक्रेता माल दाखवी आणि बिल फाडी. गिऱ्हाईक बिल घेऊन कॅशवर जाई. तिथे शिक्का बसे. मग डिलिव्हरीच्या खिडकीवर पुडके मिळे. मागे गोदामात माल नोंदणारा, वर हिशेबनीस, दारात दरवान. हे सगळे मिळून दुकान. गिऱ्हाईक दुकानात परत येई ते पुष्कळदा मालकाकडे पाहून नव्हे, काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाकडे पाहून. धंद्यात ज्याला ‘नाव’ म्हणतात आणि ज्याची दुकान विकताना वेगळी किंमत लावतात, ते नाव दिवसाला नऊ तास उभे राहून आपण कमावले.

ह्या दुकानांचे पुढे काय झाले? काही कारणे सरळ आहेत. माल स्वतःच उचलून टोपलीत टाकण्याची पद्धत आली आणि काउंटरवरचे हात कमी झाले. पण मोठे कारण जमिनीचे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे मुंबईतली जुनी दुकाने जुन्या भाड्यात चालत होती. जागेचे भाव वाढत गेले तशी दुकानातल्या मालापेक्षा दुकानाखालची फरशी महाग झाली. १९९१ साली अंधेरीत शॉपर्स स्टॉप उघडले ते रहेजा या इमारती बांधणाऱ्या कुटुंबाने. पूर्वी व्यापारी जागा शोधत असे, आता जागेचा मालकच व्यापारी झाला. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर मॉल उभा राहिला. ज्यांचे वडील साच्यावर होते, अशी मुले तिथे गणवेश घालून कपड्यांच्या घड्या करू लागली. ह्या रेट्यात एकविसाव्या शतकात ते जुने, सर्व काही एका छताखाली देणारे अकबरअलीजही राहिले नाही. आणि नवे ते टिकाऊ, असेही नाही. देशभर पसरलेल्या बिग बझारची शेकडो दुकाने २०२२ साली हातची गेली आणि कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली.

आता माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. दुकानाचे नाव सांगणार नाही, कारण तसे दुकान तुमच्याही गावात असेल. तीन भावांचे दुकान, चार शाखा. तिथे आमच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. ३१ वर्षे सकाळी शटर त्यांनी उघडले. किल्ल्या त्यांच्याकडे. थोरले शेठ सगळ्यांना सांगत, ‘हा नोकर नाही, घरचा माणूस आहे.’ भाऊंच्या मुलीच्या लग्नात शेठनी पंगतीचा खर्च उचलला. खोटे कशाला बोलू, माणूस चांगला होता.

थोरले शेठ गेले. मुलांच्या वाटण्या झाल्या. जागा भाड्याने देण्यात अधिक पैसा आहे, हे हिशेबाने खरेच होते. एका शनिवारी सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावले. भाऊंना शाल, श्रीफळ आणि चांदीचे नाणे मिळाले. फोटो काढला. सोमवारी शटर उघडले नाही.

आम्ही ग्रॅच्युइटीची गोष्ट काढली. १९७२ चा कायदा स्पष्ट होता. १० किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि सलग ५ वर्षे नोकरी झाली असेल, तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ३१ वर्षांचे ४६५ दिवसांचे वेतन होते. धाकटे शेठ म्हणाले, ‘३१ वर्षे कशावरून?’ भाऊंकडे नेमणुकीचे पत्र नव्हते. हजेरीपुस्तकात त्यांचे नाव शेवटच्या ९ वर्षांचेच होते. त्याआधी ते घरचे माणूस होते, आणि घरच्या माणसाची हजेरी कोण मांडतो?

भाऊ मला म्हणाले, ‘जाऊ दे रे. शेठनी माझ्या पोरीच्या लग्नाला पैसे दिले होते. आता त्यांच्यावर अर्ज कसा करू?’ ह्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर वहिनींनी दिले. त्या म्हणाल्या, ‘लग्नाला दिले ते त्यांचे उपकार. हे तुमचे आहे. दोन्हींची गाठ घालू नका.’

अर्ज केला. पुरावा शोधला. विमा योजनेचे जुने कार्ड सापडले. गोदामातल्या जुन्या माल-नोंदवह्या रद्दीत जाणार होत्या, त्या एका हमालाने बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्यांत वर्षानुवर्षे भाऊंचे अक्षर होते, तारखेसह. शेवटी तडजोड झाली आणि २७ वर्षांचे पैसे मिळाले. चार वर्षे बुडाली ती बुडालीच. बाकीच्या अकरा जणांपैकी सहा जणांना पुरावा नसल्याने काहीच मिळाले नाही. त्या सहांची नावे मी अजून विसरलो नाही.

मित्रहो, म्हणून मी म्हणतो की ‘घरचा माणूस’ हा शब्द गोड आहे, पण त्याला कायद्यात जागा नाही. घरचा माणूस असता तर वाटणीत हिस्सा मिळाला असता. नोकर असता तर हक्क मिळाला असता. आपण दोन्हींच्या मधोमध उभे राहिलो.

दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच लोकांनी दाखविला आहे. १९४८ साली मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन ग्राहक सहकारी संस्था काढली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. रेशनच्या आणि काळ्याबाजाराच्या दिवसांत कामगाराला रास्त भावात माल मिळावा, एवढा साधा हेतू होता. आज देशातल्या बड्या किराणा साखळ्यांत गणल्या जाणाऱ्या डीमार्टच्या संस्थापकांनी १९९९ साली ह्या धंद्याचा पहिला अनुभव घेतला तो नेरुळला अपना बाजारची शाखा चालवूनच. कामगारांनी घातलेल्या पायावर दुसऱ्यांनी माड्या चढविल्या. आपण मात्र आपल्या संस्थांना पुरेसे भांडवल आणि लक्ष दिले नाही. हा दोष मालकांचा नाही, आपला आहे.

परदेशातलेही एक उदाहरण सांगतो. लंडनला जॉन लुईस हे असेच एका कुटुंबाचे दुकान. १९२० साली तिथल्या नोकरांनी संप केला, तेव्हा बापाने नमते घेतले नाही. मुलगा स्पेडन लुईस ह्याने हिशेब पाहिला, तेव्हा दिसले की आपण तिघे बापलेक मिळून जेवढे घेतो, तेवढा सगळ्या नोकरांचा मिळून पगार नाही. त्याने १९२९ साली आणि पुन्हा १९५० साली कायदेशीर करार करून दुकानांची मालकी नोकरांच्या हितासाठी न्यासाकडे सोपविली. म्हणजे तिथेही खासगीचा सार्वजनिक न्यासच झाला म्हणा ना! तिथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. २०२१ साली बोनस मिळाला नाही, काही दुकाने बंदही झाली. पण तोट्याचा हिशेब तिथे ज्यांच्या नावे दुकान आहे त्यांना द्यावा लागतो. शनिवारी शाल देऊन सोमवारी कुलूप लावता येत नाही.

प्रत्येक शेठ स्पेडन लुईस होणार नाही, आणि अहिल्याबाई तर नाहीच. म्हणून आपल्या हातात जे आहे ते आधी करू. महाराष्ट्रात १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ चा आला, त्यात १० माणसांची अट आली. २०२५ साली सरकारने ती २० वर नेण्याचा आणि कामाचे तास ९ चे १० करण्याचा निर्णय घेतला. कुटुंबाच्या बहुतेक शाखांत २० माणसे नसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांवर आपले पुष्कळ आक्षेप आहेत, पण त्यांत नेमणूकपत्राची तरतूद आहे. ती धरून बसायला काय हरकत आहे? केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. काउंटरमागे एक स्टूल मागायला आपण लाजतो, आणि दुसरी राज्ये कायदा करतात!

गावी परतल्यावर प्रत्येकाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात किती जणांकडे नेमणुकीचे पत्र आहे, ह्याची यादी करावी. दुसरी, ज्यांच्याकडे नाही त्यांची जुनी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिधीचे कागद यांच्या प्रती संघटनेच्या कचेरीत जमा कराव्यात, दुकान चालू असतानाच. शटर पडल्यावर कागद सापडत नाहीत. तिसरी, वाटणी किंवा भाडेपट्ट्याची कुणकुण लागली की मालकाला लेखी विचारावे, ‘आमचे काय?’ भांडण म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

आणि मालकाने उपकार केले असतील तर ते विसरू नका. पण वहिनींचे म्हणणेही विसरू नका. उपकार वेगळा, हक्क वेगळा.

आपण ज्या पायरीवर बसलो आहोत ती चिरे घडविणाऱ्या पाथरवटाचीही आहे. त्याचे नाव इथे कुठे कोरलेले नाही. आपल्या भाऊंचे नाव निदान हजेरीपुस्तकात पहिल्या दिवसापासून असावे, एवढीच आपली मागणी आहे.