गच्चीवरच्या दोन बाटल्या

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, 'चाळीच्या आठवणी'. गणपती, गॅलरी, नळावरची भांडणं हे सगळं माझ्याआधीचे वक्ते बोलून गेले. माझ्या वाट्याला उरली बिअर. पोरांनो, मी जाहिरात करत नाहीये. ऐकून तर घ्या.

आपल्या लालबागच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं सावंतवाडी-कुडाळकडची. गावाहून गोवा तास-दीड तासावर. त्यामुळे गावी गेलेला माणूस परतला की आमच्या बाबांचा पहिला प्रश्न, "गोयात जावन इलंस आणि रिकामो इलंस?" त्यांना हवी असायची किंग्ज. बुटक्या बाटलीतली गोव्याची बिअर. मुंबईत आपल्याला ती दुकानात मिळायची नाही.

का मिळायची नाही? दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. दर राज्याचा कर वेगळा, परवाना वेगळा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा. मोरारजींच्या काळात बिअरलाही परमिट लागायचं आणि त्यासाठी तब्येतीचं कारण दाखवावं लागायचं. बंदी पुढे सैल झाली, 'परमिट रूम'ची पाटी मात्र राहिली. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे. तिकडे ही भानगडच नव्हती, नंतरही कर कमीच. पण तिथली बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं हा गुन्हा. इन्सुलीच्या नाक्यावर एसटी थांबली की काजूच्या पिशवीवर बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असायचा. हा गुन्हा मीही केलाय, आज कबूल करतो.

एक बाटली आली की बाबा, दुसऱ्या मजल्यावरचे नाना आणि कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा असे तिघं. चाळीत फ्रिज एकाच घरी, आणि तिथे बाटली ठेवायला मागायची कुणाची छाती नव्हती. मग ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीत. थंड कसली, कोमट नव्हती इतकंच. स्टीलच्या पेल्यात चार-चार घोट यायचे, आणि ते तास-तास पुरायचे. नानांच्या काकूंना हे अजिबात खपायचं नाही. त्या जिन्यात दिसल्या की पेले गादीखाली.

१९९७ साली चाळ रिकामी केली आणि आपण प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पात गेलो. नावातच प्रतीक्षा! दीड वर्ष म्हणून गेलो, तीन झाली. मध्ये आठ महिने काम बंद. चाळ पाडलेली, इमारत उभी नाही, हातात नुसता करारनामा. रात्री कुणाला झोप नसायची.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मी मित्राच्या लग्नाला मडगावला गेलो आणि दोन किंग्ज घेऊन आलो. बाबा उघडायला निघाले तर नाना म्हणाले, "आज नको. चाव्या मिळतील त्या दिवशी, नव्या गच्चीवर." बाटल्या आईच्या ट्रंकेत गेल्या.

त्याच पावसाळ्यात अण्णा खोलीचा हक्क विकून विरारला निघाले होते. मुलीचं लग्न, डोक्यावर कर्ज. गिऱ्हाईक ठरलं होतं. नाना त्यांना एवढंच म्हणाले, "जा बाबा. पण गच्चीवर तुझा पेला कोण उचलणार?" अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणून आले. कर्जाचं पुढे आपण सगळ्यांनी भिशी लावून बघितलं. आज त्या घरात अण्णांची नात राहते. आत्ता सूत्रसंचालन तीच करतेय.

नाना मात्र १९९९ च्या दिवाळीआधी कॅम्पातच गेले.

२००० साली चाव्या मिळाल्या. २२५ चौरस फूट आणि घरातच संडास, आई दिवसभर नळ सोडून बघत होती. संध्याकाळी बाबा, अण्णा आणि मी इथेच, या गच्चीवर. बाटली उघडली तर फेस नाही, वास नाही. दीड-दोन वर्षं ट्रंकेत पडलेली बिअर, तिचं काय राहणार! दोन पेले भरले. तेवढ्यात जिन्यात काकू. सवयीने आम्ही पेले पाठीमागे लपवले. काकू जवळ आल्या, बाटल्यांकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यांचा पेला कुठाय?"

अण्णा खाली पळाले आणि तिसरा पेला घेऊन आले. तो भरून कठड्यावर ठेवला. काकू अंधार पडेपर्यंत त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्यानंतर आम्ही तिघंही काही बोललो नाही.

आज फोन केला की हवी ती बाटली दारात येते. फ्रिज घरोघरी. माझ्याही आहे, आणि त्यातली बिअर मी एकटा पितो. चव चांगली असते. पण एक बाटली तिघांत वाटायची वेळ येत नाही, म्हणून शेजारचं दारही वाजवावं लागत नाही. मला किंग्जची आठवण येते ती एवढ्यासाठी.

काकू पहिल्या रांगेत बसल्यात. काकू, पंचवीस वर्षं गच्चीवर राहिलेली गोष्ट आज सगळ्यांना सांगितली, रागावू नका. जेवणाची पानं मांडलीत, थांबतो.