जंगलातील नभोवाणी आणि गोव्याचा प्रश्न



१९५१ साली पोर्तुगालने आपल्या घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले. वसाहत म्हटली की ती सोडण्याचा प्रश्न निघतो; प्रांत म्हटला की जगापुढे तो प्रश्नच उरू नये, अशी ही शब्दयोजना होती. गोव्यात वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचे बंधन होते आणि ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सरकारच्या हाती होते. सरकारला नको असलेली वार्ता लोकांपर्यंत पोचणे त्यामुळे दुरापास्त झाले.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून गुप्त नभोवाणी सुरू केली. ती कोंकणीत बोले, तशीच पोर्तुगीजमध्येही. ही दुसरी निवड मला विशेष मार्मिक वाटते; सालाझार सरकारचे म्हणणे त्याच्याच भाषेत, त्याच्याच अधिकाऱ्यांच्या कानी खोडून काढले जाई. साधने तुटपुंजी, मुक्काम रानात. तरीही सहा वर्षे हे कार्य चालले. बातमी जेथे दाबली जाते, तेथे कुजबुजीलाही वर्तमानपत्राचे मोल येते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानी आली नसावी.

गोवा मुक्त केला तो भारतीय सैन्याने, यात संशय नाही. परंतु १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज शरण आल्याची वार्ता गोमंतकीयांना आकाशातून, विमानातील ध्वनिक्षेपकावरून ऐकविली, ती याच दोघांनी.