कुलपापासून अवकाशयानापर्यंत
(भाषणाचा सारांश)



आजोबांनी पेढी उभारावी, वडिलांनी वाढवावी आणि नातवाने मोडावी, असे बाजारपेठेत सर्रास बोलले जाते. मुंबईच्या गोदरेज या पारशी घराण्याने हे बोलणे खोटे ठरविले.

अर्देशिर गोदरेज यांनी प्रथम शस्त्रक्रियेची उपकरणे बनविली. माल उत्तम होता. परंतु त्यावर ‘भारतात तयार’ ही अक्षरे असावीत हा त्यांचा आग्रह खरेदीदारास मान्य नव्हता. अर्देशिर यांनी तो धंदाच सोडला आणि १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आल्या. १९४४ च्या मुंबई गोदीतील भीषण स्फोटानंतर गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत निघाली. जाहिरातीवर लाखो रुपये खर्चूनही अशी साक्ष मिळत नसते!

आपल्या समाजाला अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट साबणाची. त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी सर्रास वापरली जाई. अर्देशिर यांनी वनस्पती तेलापासून साबण सिद्ध केला. कित्येक घरांत निःशंक मनाने साबण वापरला जाऊ लागला, तो त्यानंतरच.

अर्देशिर यांना अपत्य नव्हते. बंधू पिरोजशा व त्यांच्या मुलांनी धुरा वाहिली. पिरोजशांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली, कारखाने तेथे नेले. १९५५ मध्ये तेथेच संपूर्ण भारतीय बनावटीचा टंकलेखन यंत्राचा नमुना तयार झाला. कचेऱ्यांत, न्यायालयांच्या आवारात, टंकलेखनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे त्याचाच खडखडाट ऐकू येई. संगणक आला आणि मागणी आटली. ज्या यंत्राने घराण्याला मान मिळवून दिला, त्याचे उत्पादन २००९ मध्ये त्याच घराण्याने थांबविले. नवे काढण्याचे कौतुक सर्वांनाच असते. वाडवडिलांनी उभे केलेले आपल्या हाताने बंद करण्यास मात्र निराळी छाती लागते. जुना माल गुदामात साठवून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यास हे चांगले ठाऊक आहे.

कारागिरांच्या हातचे कसब मात्र वाया गेले नाही. धातूवरील काटेकोर काम हा कुलपापासूनचा वारसा. त्याच बळावर विक्रोळीत भारतीय अग्निबाणांची ‘विकास’ इंजिने तयार होऊ लागली. २००८ च्या चांद्रयानासाठीही तेथून सुटे भाग गेले.

२०२४ मध्ये घराण्याच्या दोन शाखांनी समझोत्याने उद्योगांची वाटणी केली. साबण एकीकडे गेला, कुलपे दुसरीकडे. गोदरेज हे नाव दोघांनीही राखले.