बटण कुणाच्या हातात?

(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला इथं बोलायला उभं केलंय, पण माझी खरी जागा मंडपाच्या मागं, मिक्सरच्या टेबलाशी. स्टेजवर वक्ता येतो, शाहीर येतो, हार घेतो. मागं वायरींच्या जंजाळात बसलेल्या पोराकडं कुणी बघत नाही. माईकनं शिट्टी मारली की मात्र सगळा मंडप मान वळवून त्याच्यावर डोळे वटारतो. आज मी त्या मागच्या माणसाबद्दल बोलणार आहे. आणि त्यासाठी तुम्हांला पार जमैकाला नेणार आहे.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. इंग्रजांनी तिथं उसाचे मळे केले आणि आफ्रिकेतून माणसं गुरांसारखी विकत आणून मळ्यांत जुंपली. १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. पण काम शिकवण्याच्या नावाखाली माणसं आणखी चार वर्षं त्याच मालकाकडं राबली, १८३८ ला सुटली. १९६२ ला देश स्वतंत्र झाला. झेंडा बदलला, किंग्स्टन शहरातल्या पत्र्याच्या वस्त्या तशाच राहिल्या. हे आपल्याला सांगायला नको.

रेडिओ होता, पण त्यात ह्या वस्त्यांच्या गाण्याला जागा तोकडी. मग वस्तीनं आपला रेडिओ रस्त्यावर उभा केला. कपाटाएवढे स्पीकर, घरी बांधलेला ॲम्प्लिफायर आणि तबकडीचं यंत्र. ह्याला तिथं साऊंड सिस्टिम म्हणतात. रात्रभर गल्ली नाचायची.

ह्या गल्ल्यांत ऑस्बर्न रडक नावाचा माणूस होता. जन्म १९४१ चा. लोक त्याला किंग टबी म्हणायचे. धंदा रेडिओ दुरुस्तीचा. वॉटरहाऊस वस्तीत राहायचा. जळलेले ॲम्प उघडायचा, ट्रान्स्फॉर्मरची तार स्वतः गुंडाळायचा, डाख द्यायचा, परत वाजता करायचा. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यानं स्वतःची साऊंड सिस्टिम उभी केली. पुढं तबकड्या कापायच्या कामाला लागला. तिथं त्याच्या ध्यानात आलं, की गाण्यातला गायकाचा आवाज काढून घेतला तरी गाणं मरत नाही. उलट ड्रम आणि बेस उघडे पडतात आणि गल्ली वेडी होते.

मग आईच्या घरातच त्यानं स्टुडिओ थाटला. बँड बसवायला जागा नव्हती. गायकासाठी न्हाणीघराची खोली केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या स्टुडिओनं काढून टाकलेला एमसीआय कंपनीचा चार ट्रॅकचा मिक्सर त्यानं आणला. मोठ्यांची अडगळ. त्यावर एक मोठं बटण होतं, हाय-पास फिल्टरचं. ते टप्प्याटप्प्यानं फिरवलं की खालचे सूर कापले जातात आणि सबंध गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं बारीक होतं. सोडलं की बेस छातीवर आदळतो. इतरांनी ते बटण दुरुस्तीपुरतं धरलं होतं, टबीनं ते वाद्यासारखं वाजवलं.

काम कसं चालायचं ते ऐका. चार ट्रॅकवर ड्रम, बेस, गिटार-ऑर्गन आणि गायक वेगवेगळे. टबी गायकाचा एकच शब्द एकोत सोडायचा. टेपच्या एकोत एक डोकं आवाज लिहितं, थोड्या अंतरावरचं दुसरं डोकं तो वाचतं. दोन डोक्यांतलं अंतर आणि टेपचा वेग ह्यावर उशीर ठरतो. वाचलेला आवाज पुन्हा लिहायला पाठवला की शब्द घुमत घुमत विरतो. ह्या कलेला डब म्हणतात. आज जगभरच्या नाचाच्या संगीतात गाणं मोडून पुन्हा बांधतात, त्याचं एक मूळ ह्या दुरुस्तीवाल्याच्या घरात आहे.

दुसरा माणूस ली पेरी. १९७३ ला त्यानं घराच्या परसात ब्लॅक आर्क नावाचा स्टुडिओ बांधला. सामान काय? टीॲकचं चार ट्रॅकचं टेपयंत्र, रोलँडचा स्पेस एको आणि आवाजाला लाटा आणणारा एक फेजर. दुसरीकडं सोळा ट्रॅकची यंत्रं चालू होती. पेरी चार ट्रॅक भरायचा, एकत्र करून थोड्या ट्रॅकवर उतरवायचा, मोकळ्या जागेत पुन्हा भरायचा. दर उतरवणीला टेपचा फुसफुसाट वाढायचा. त्यानं तो फुसफुसाटही गाण्यात घेतला. १९७६ ला ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ज' इथंच झालं. दुसऱ्या वर्षी लंडनच्या 'द क्लॅश' ह्या गोऱ्या पोरांच्या बँडनं ते आपल्या रेकॉर्डवर गायलं.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याला कशाला? सांगतो.

आपल्याकडं पखवाज देवळात गेला. त्याचं कातडं ज्यानं सोललं, कमावलं, तो देवळाच्या बाहेर. हलगी ज्यानं वाजवली त्याला वाजवण्यासाठी बोलावलं आणि जेवणाच्या वेळी लांब बसवलं. वाद्य बनवणं हे घाण काम आणि वाजवणं ही कला, अशी वाटणी जातीनं केली. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं, की जात कामाबरोबर कामकऱ्यांचीही वाटणी करते आणि त्यांना एकमेकांच्या डोक्यावर बसवते. मिक्सरच्या टेबलाशी आजही तेच चालतं. डाख देणारा मिस्त्री, बटण फिरवणारा ऑपरेटर आणि फक्त स्टेजवरचा तेवढा कलावंत. टबीनं ही वाटणी मोडली. मिस्त्रीच कलावंत झाला.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्यांकडून, १९६६ च्या ब्लॅक पँथरकडून. त्याच सुमाराला टबी आपल्या मिक्सरवर बसला होता. आपण काळ्यांचं नाव घेतलं, कविता घेतली. त्यांचं सोल्डरिंगही घ्यायला पाहिजे.

पण थांबा. ह्या गोष्टीची आरती करू नका. जमैकातल्या वादकाला गाण्यामागं ठरलेली मजुरी मिळायची आणि विषय संपायचा. त्यानं एकदा वाजवलेल्या ठेक्यावर निर्माता वर्षानुवर्षं नव्या तबकड्या काढायचा. वादक काळा, निर्माताही पुष्कळदा काळाच. आपलाच माणूस मालक झाला म्हणून लूट थांबत नाही, तिचा रंग तेवढा बदलतो. आणि टबीचा शेवट? ६ फेब्रुवारी १९८९ ला त्याला स्वतःच्या घराबाहेर गोळ्या घातल्या. मारेकरी सापडले नाहीत. गरिबाचा खून, कोण शोधणार?

आता आपल्या घरात बघा. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. आपल्या किती म्हाताऱ्या गायकांनी कॅसेटच्या जमान्यात एकरकमी पैसे घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा दिला! जयंतीला त्यांचा आवाज चौकाचौकात घुमतो आणि त्यांच्या घरात चूल विझलेली असते. आवाज आपला होता. बटण आपल्या हातात नव्हतं.

आज सामान स्वस्त झालंय. एक लॅपटॉप, एक इंटरफेस, एक बरा माईक, एक हेडफोन. गोधड्या टांगल्या की दहा बाय दहाच्या खोलीत गाणं होतं, मी करतो. टबीला जे चार ट्रॅक मिळवायला वर्षं लागली, ते तुमच्या खिशातल्या फोनात आहेत. सबब संपली, राव.

मग तीन कामं करा. एक, यंत्र उघडायला शिका. वायर कुठं तुटली हे ज्याला कळतं त्याला भाड्यानं मिक्सर देणारा फसवू शकत नाही. दोन, कागद करा. भारताच्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता, आणि मुद्रणाचा हक्क त्याचा. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही, ही तरतूद २०१२ ला आली. हे माहीत नसलेला गायक पुन्हा कोऱ्या कागदावर सही करील. तीन, स्वतः निर्माता झालात तर हलगीवाल्याचं, ढोलकीवाल्याचं, कोरसमधल्या बाईचं नाव लिहा आणि गाणं चाललं की त्यांचा वाटा त्यांच्या हातात द्या. नाहीतर तुम्ही आणि तो कॅसेटवाला, फरक काय?

बाबासाहेबांनी शिका म्हटलं तेव्हा त्यात कथिलाची तार आणि तापलेली सळईही येते. माझी बोटं चार ठिकाणी भाजलीत. बघायची असतील तर भाषण झाल्यावर मागं या, टेबलाशी. तिथं एक बिघडलेला ॲम्प ठेवलाय. कोण उघडतं बघू.

जय भीम.