महामार्गावरील पहिला मदतनीस : मालवाहू वाहनचालक आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण



बनशंकरी हे नाव महाराष्ट्राला परके नाही. बदामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वसाहत कनकपुरा रस्त्यावरील याच देवीच्या मंदिराच्या नावाने ओळखली जाते. हा रस्ता पुढे कोइमतूरकडे जातो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून आलेली मालवाहू वाहने तुमकूर रस्त्यावरून नाइस रस्त्याला लागतात आणि कनकपुरा, होसूर या रस्त्यांकडे वळतात. पुणे ते बंगळूर हे सुमारे साडेआठशे किलोमीटरचे अंतर चालक बहुधा रात्रीच कापतो. अशा निर्मनुष्य पट्ट्यात अपघात झाल्यास तेथे प्रथम पोहोचतो तो डॉक्टर नव्हे, पोलीसही नव्हे. मागून येणारा ट्रकचालकच अनेकदा तेथे आधी पोहोचतो. म्हणूनच त्याला प्रथमोपचार येतो की नाही, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा केवळ दोन टक्क्यांच्या आसपास असताना या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने 'सुवर्णतास' या संकल्पनेला कायद्यात स्थान दिले. गंभीर इजेनंतरचा एक तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, असा त्याचा अर्थ आहे. मात्र श्वास बंद पडल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. बनशंकरीपासून काही किलोमीटरवर असलेली निम्हान्ससारखी नामांकित संस्था मेंदूच्या दुखापतीवर उपचार करू शकते. पण त्यासाठी जखमी तेथे जिवंत पोहोचला पाहिजे. अपघातस्थळ आणि रुग्णालय यांमधील ही मिनिटे प्रथमोपचाराची असतात.

प्रशिक्षणात काय असावे?

पहिला धडा स्वतःच्या सुरक्षिततेचा आहे. वाहन सुरक्षित अंतरावर थांबवणे, इशारादिवे लावणे आणि पुढील वाहनात ज्वालाग्राही पदार्थ आहे काय हे पाहणे, ही कामे आधी करावयाची असतात. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ गॅसच्या टँकरला झालेल्या अपघातानंतर आग आसपासच्या वाहनांपर्यंत पसरली, हे विसरता येत नाही. त्यानंतर ११२ किंवा १०८ या क्रमांकावर नेमके ठिकाण कळवणे येते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे.

प्रत्यक्ष उपचारांत वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब देणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, मानेला वा कण्याला इजा झाल्याची शंका असल्यास जखमीला विनाकारण न हलवणे आणि श्वास थांबल्यास मिनिटाला १०० ते १२० या गतीने छातीवर दाब देणे यांचा समावेश होतो. बेशुद्ध व्यक्तीला पाणी पाजू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाणी श्वासनलिकेत जाऊन जीवावर बेतू शकते. तरीही सद्भावनेपोटी ही चूक वारंवार घडते.

घानामधील कुमासी येथे ३३५ व्यावसायिक वाहनचालकांना सहा तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, सुमारे दहा महिन्यांनंतर मुलाखत घेतलेल्या चालकांपैकी ६१ टक्के चालकांनी दरम्यानच्या काळात कोणाला तरी प्रथमोपचार दिले होते. संघटित रुग्णवाहिका सेवा नसलेल्या ठिकाणी कमी खर्चात काय साधता येते, याचे हे उदाहरण आहे.

भीती आणि कायदा

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील वाहनचालक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचाराचा समावेश आहेच. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सरावाविना हे कौशल्य काही महिन्यांतच विसरले जाते. दुसरी अडचण भीतीची आहे. थांबलो तर आपणच दोषी ठरू, जमाव मारहाण करील, साक्षीसाठी फेऱ्या माराव्या लागतील, माल उशिरा पोहोचेल, असे चालकाला वाटते. ही भीती निराधार नाही. अपघातात गुंतलेल्या चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी असे सांगणाऱ्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ मध्येच जमावाच्या प्रक्षोभाचा अपवाद नमूद आहे. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२) विरोधात जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी केलेल्या आंदोलनातही हाच मुद्दा पुढे आला होता.

मदतीसाठी थांबणाऱ्या तिऱ्हाइताला मात्र आज स्पष्ट संरक्षण आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेव्हलाइफ फाउंडेशन' प्रकरणात याविषयीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. २०१९ च्या सुधारणेने कलम १३४-अ आणले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. अपघातात गुंतलेला चालक आणि मदतीला आलेला चालक यांतील हा फरक प्रत्येक प्रशिक्षणात समजावून दिला पाहिजे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळूरजवळ नेलमंगल येथे ट्रकच्या धडकेने एका तरुण दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला. शरीराचे दोन भाग झालेले असतानाही त्याने नेत्रदानाची इच्छा व्यक्त केली. त्याच्या नावाने कर्नाटक शासनाने अपघातग्रस्तांसाठी 'मुख्यमंत्री सांत्वन हरीश योजना' सुरू केली. मे २०२५ मध्ये केंद्रानेही प्रत्येक अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. परंतु या योजना रुग्णालयाच्या दारात सुरू होतात. त्या दारापर्यंतचा मार्ग प्रथमोपचाराने जोडावा लागतो.

त्यासाठी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रात्यक्षिकासह उजळणी, ट्रक टर्मिनल व ढाब्यांवर चालकाच्या भाषेतील छोटी शिबिरे, क्लीनरचाही सहभाग आणि मदतीसाठी थांबल्याने झालेल्या विलंबाचा दंड चालकाकडून वसूल न करण्याची वाहतूकदारांची हमी, एवढ्या गोष्टी आवश्यक आहेत. रस्ता सुरक्षा ही अभियांत्रिकी, अंमलबजावणी, शिक्षण आणि आपत्कालीन सेवा या चार आधारांवर उभी असते. त्यांपैकी चौथ्या आधाराची पहिली वीट ट्रकचालकाच्या हातात आहे. ती कशी रचावी, हे त्याला शिकवणे ही समाजाची जबाबदारी आहे.